अस्वल पाहायचं, तर बसायचं कुठं?

उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यात अस्वल नाही, हे आधीच सांगून टाकतो. बारवीच्या जंगलात बिबट्या आहे, भेकर आहे, रानडुक्कर तर भातखाचरांतही येतं. पण काळं, झिपरं, छातीवर पांढरट खूण असलेलं अस्वल पाहायचं तर कल्याणला विदर्भ एक्स्प्रेस गाठावी लागते. ती गाठणारी मंडळी आमच्याकडे आता पुष्कळ झाली आहेत. हप्त्यावर घेतलेली १५०-६०० ची लेन्स, पाठीवर तिकाटणं आणि ऑफिसात आधीच टाकून ठेवलेली सोमवारची रजा, असा त्यांचा थाट असतो. त्यांच्या गप्पांत एक प्रश्न हमखास निघतो. परदेशात म्हणे छोट्याशा खोपटात बसून अस्वलांचे फोटो काढता येतात, वीस-पंचवीस फुटांवरून, डोळ्याला डोळा भिडवून. आपल्याकडे तसं काही आहे का? असलं तर ते करावं का?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर थोडं सोपं आहे, दुसऱ्याचं नाही. दोन्ही एकत्रच पाहायला हवीत.

लपून बसण्याची ही विद्या शिकाऱ्यांची. मचाण तेच, पाणवठा तोच, वाट पाहणंही तेच; फक्त बंदुकीच्या जागी कॅमेरा आला. इंग्लंडमधल्या रिचर्ड आणि चेरी कीर्टन या भावांनी विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर चक्क पेंढा भरलेल्या बैलाच्या कातड्यात शिरून पक्ष्यांचे फोटो काढले. आपल्याकडे एफ. डब्ल्यू. चॅम्पियन या वनाधिकाऱ्याने वाटेवर तार ताणली. वाघाचा पाय तारेला लागला की उजेड पडायचा आणि फोटो निघायचा. त्याचं पुस्तक १९२७ साली आलं. सिंगापूरचे चित्रपट व्यावसायिक लोक वान थो दुसऱ्या महायुद्धाच्या काळात मुंबईत होते. सालिम अलींच्या नादाने ते पक्ष्यांकडे वळले आणि पुढे उंच मनोरे उभारून, त्यावर लपण बांधून त्यांनी घरट्यांचे फोटो घेतले. त्या काळी ते कौतुकाचं होतं. आज त्याच प्रकाराकडे लोक भुवया उंचावून पाहतात. त्याकडे पुढे येऊच.

आमच्या भागाला मात्र हे शिकायला इंग्लंडपर्यंत जायची गरज नव्हती. बदलापूरहून बारवीकडे निघालं की भात निसवायच्या दिवसांत शेताच्या कडेला चार बल्ल्यांवर टेकवलेला माळा दिसतो. त्यावर पेंढ्याचं छप्पर, खाली धुमसणारी शेकोटी आणि हातात डबा किंवा फटाका. रात्रभर डुकरं राखायला बसलेल्या माणसाला जंगलाच्या वेळा जितक्या पाठ असतात, तितक्या शनिवार-रविवारच्या फोटोवाल्याला कधीच होणार नाहीत. कुठल्या ओहोळातलं पाणी होळीपर्यंत टिकतं आणि कुठल्या डोहातलं वैशाखातही आटत नाही, हे कातकरी आणि ठाकर वाड्यांवरच्या म्हाताऱ्यांना विचारावं. लपण कुठं लावायचं, हा निम्म्याहून मोठा प्रश्न तिथंच सुटतो.

उरलेला निम्मा कारागिरीचा. उल्हासनगरच्या गजानन मार्केटात नाहीतर जपानी बाजारात हिरवट-मातकट कापड ताग्याने मिळतं आणि पडद्यांना शिलाई घालणारा कुणीही चार काठ्यांवर बसेल अशी खोळ शिवून देतो. कापड जाड हवं, म्हणजे उन्हात आतली हालचाल सावलीसारखी बाहेर उमटत नाही. खिडकीला दुहेरी जाळी लावायची आणि भोक लेन्सच्या तोंडाएवढंच ठेवायचं. लेन्सखाली कापडी पिशवीत तांदूळ भरून ठेवले की तिकाटणंही लागत नाही. लपणात दोघांनी मिळून जायचं आणि थोड्या वेळाने एकाने परत यायचं, ही जुनी युक्ती अजून चालते. पक्षी माणसं मोजत नसावेत, निदान दोनांतून एक वजा करत नसावेत. आत डासांचं मलम लावायचं नाही, बिस्किटांचा कागद चुरचुरवायचा नाही, खोकला आला तर गिळायचा. उजाडायच्या आत आत बसायचं आणि ऊन चढेपर्यंत उठायचं नाही. या शेवटच्या नियमावर बहुतेकांचं लपण मोडतं. कंटाळा येतो, मोबाइलचा उजेड पडतो, पाय मुंग्यांनी भरतात आणि कुणीतरी सरळ बाहेर येऊन आळस देतं.

हे सगळं खंड्या, धोबी, तांबट यांच्यासाठी ठीक. अस्वलाला मात्र यातलं काहीच लागू पडत नाही. त्याची नजर कमजोर आहे आणि नाक विलक्षण. हात-दीड हात जमिनीखालच्या वाळवीचा वास ज्याला येतो, त्याच्यापासून कापडाच्या खोळीत बसलेला, घामेजलेला माणूस काय लपणार? अस्वलापुढे लपणाला लपण म्हणणंच चूक आहे. तुम्ही कुठं आहात ते त्याला ठाऊक असतं. प्रश्न एवढाच, की तुम्ही तिथंच राहणार याची त्याला खात्री आहे की नाही. अस्वलांच्या बाबतीत जगभर जे जे यशस्वी झालं आणि जे जे फसलं, त्याचा उलगडा माझ्या मते या एका गोष्टीत होतो. चांगलं लपण माणसाला झाकत नाही, त्याला एका जागी बांधून ठेवतं.

आपलं अस्वल जवळून कसं दिसतं, हे एकदा नीट पाहण्यासारखं आहे. वारुळापाशी आलं की ते आधी हुंगतं, मग पुढच्या पायांच्या लांब, वाकड्या नख्यांनी कडा ढासळवतं. भोक मोकळं झालं की तोंड आत घालून जोरात फुंकतं, म्हणजे माती उडून जाते, आणि मग हवा आत ओढून वाळवी शोषून घेतं. वरच्या जबड्यात पुढचे दोन दात नसतात, ओठ लांब आणि सैल असतात, नाकपुड्या आतून मिटता येतात. सगळा चेहराच या कामासाठी घडवलेला. त्या शोषण्याचा घर्रर्र आवाज शंभर मीटरच्याही पलीकडे जातो. मादीबरोबर पिल्लं असली तर ती तिच्या पाठीवरच्या दाट केसांना धरून बसतात आणि ती खाली मान घालून खात राहते. नाक वारुळात खुपसलेलं असताना कामात ती इतकी बुडालेली असते की माणूस अगदी जवळ येईपर्यंत तिला कळत नाही. कळल्यावर पळण्याइतकं अंतर उरलेलं नसतं आणि मग ती हल्ला करते.

विदर्भात मार्च-एप्रिलमध्ये मोहफुलं वेचायला पहाटे निघालेल्या बायामाणसांना हे चांगलं माहीत आहे, कारण त्याच वेळी तीच फुलं खायला अस्वलंही येतात. छत्तीसगडमधल्या उत्तर बिलासपूर वनविभागात एप्रिल १९९८ ते डिसेंबर २००० या काळातल्या हल्ल्यांचा अभ्यास झाला, तेव्हा १३७ घटना हाती लागल्या आणि त्यांत ११ माणसं दगावली होती. महाराष्ट्रात वन्यप्राण्याच्या हल्ल्यात माणूस गेला तर वारसांना पंचवीस लाख रुपये मिळतात आणि ज्या प्राण्यांसाठी ही तरतूद आहे, त्यांत अस्वल आहेच. मोह वेचणारी बाई आणि कॅमेरावाला यांच्यात फरक एवढाच, की तिला हिंडावं लागतं, याला बसता येतं. ज्याला बसता येतं त्याने पायी अस्वलामागे लागू नये, एवढं तरी सगळ्यांना मान्य व्हायला हरकत नसावी.

मग महाराष्ट्रात बसायचं कुठं? सगळ्यांत जुनी आणि सगळ्यांत प्रामाणिक सोय म्हणजे बुद्ध पौर्णिमेची रात्र. पूर्वी या रात्री वनखातं पाणवठ्यांवर माणसं बसवून प्राण्यांची मोजदाद करायचं. वाघांची गणती २००६ पासून कॅमेरा ट्रॅपवर गेली, तेव्हा या मोजणीचं शास्त्रीय वजन ओसरलं. पण रात्र राहिली. आता 'निसर्गानुभव' या नावाने ताडोबा, मेळघाट, नागझिरा अशा ठिकाणी पैसे भरून मचाणावर बसता येतं. सोबत वनखात्याचा माणूस असतो आणि सकाळपर्यंत खाली उतरायचं नसतं. अस्वलासाठी मी बुलढाणा आणि खामगाव यांच्या मधलं ज्ञानगंगा अभयारण्य सुचवेन. १९९७ साली जाहीर झालेलं, सुमारे २०५ चौरस किलोमीटरचं हे जंगल वाघासाठी कधी प्रसिद्ध नव्हतं. २०१९ च्या डिसेंबरात टिपेश्वरहून चालत निघालेला टी१सी१ हा तरुण वाघ इथे पोहोचला तेव्हा बाहेरच्या जगाने नाव ऐकलं. अस्वलांची माहिती मात्र आसपासच्या गावांना पिढ्यान्‌पिढ्या आहे. मलकापूरला किंवा शेगावला उतरायचं आणि पुढे रस्त्याने जायचं.

पण फोटोसाठी जाणाऱ्याने एक गोष्ट पक्की धरावी: या रात्री फोटो मिळत नाही. चांदणं डोळ्याला पुरतं, कॅमेऱ्याला पुरत नाही. फ्लॅश आणि बॅटरीला मनाई असते, असायलाच हवी. मचाण उंच असल्याने अस्वलाची पाठ तेवढी दिसते. ते पाण्याशी आलं की आधी आवाजच येतो, लपलप आणि मधूनच फुत्कार. काळ्या पाण्यापाशी काळं अस्वल, नुसती हलणारी सावली. तरीही मला अस्वल पाहण्याचा हाच प्रकार सगळ्यांत खरा वाटतो. कारण ते पाण्यासाठी आलेलं असतं. तुम्ही तिथं नसता तरी आलं असतं.

यावर लगेच आक्षेप येतो की तो पाणवठा तरी कुठं नैसर्गिक असतो? सिमेंटची बशी, सौर पंप, नाहीतर उन्हाळ्यात टँकर. हेही एक प्रकारचं आमिषच नाही का? आक्षेप चुकीचा नाही. ज्या जंगलात दर दोन-तीन किलोमीटरवर बारमाही पाणी ओतलं जातं, तिथं प्राण्यांची पांगापांग बदलते हे कुणी नाकारत नाही. तरी मी पाणी आणि गूळ एका मापाने मोजणार नाही. पाण्यामुळे प्राणी माणसाला ओळखायला शिकत नाही. गुळामुळे शिकतो.

गुळाचं नाव काढलं ते दरोजीमुळे. हंपीजवळ, होस्पेटहून सहज जाता येईल अशा अंतरावर कर्नाटकाने १९९४ साली खास अस्वलांसाठी हे अभयारण्य केलं. आपल्या पट्ट्यात अस्वलाचे जे जे स्वच्छ उजेडातले फोटो आणले जातात, त्यांतले बरेचसे इथलेच असतात. समोर खडकाळ टेकडी, अलीकडे पर्यटकांसाठी मनोरा. दुपारी वनखात्याचे लोक खडकांवर गुळाचं मिश्रण फासून जातात आणि थोड्याच वेळात कपारींतून अस्वलं उतरतात. एखादी मादी पाठीवर पिल्लं घेऊन येते. उजेड चांगला, पार्श्वभूमी उत्तम. काढलेल्या फोटोत गूळ दिसत नाही.

दरोजीला सरसकट नावं ठेवायची माझी तयारी नाही. खडकावर गूळ लावणारे लोक आणि पाहणारे लोक वेगवेगळे असतात. पाहणारा मनोऱ्यातून हलत नाही. अस्वलाला माणूस आणि खाऊ यांची सांगड सहजासहजी घालता येत नाही. पण वाळवी खणण्यात आणि बोरं-जांभळं शोधण्यात ज्याचा दिवस जायचा, त्या प्राण्याला दुपारचं घड्याळ शिकवलं गेलं, हेही तितकंच खरं. मनोऱ्यातला माणूस जे पाहतो ते अस्वल खरं, त्याचं वागणं मात्र अर्धं आपण लिहून दिलेलं. फोटोखाली 'दरोजी' असं लिहिणाऱ्याने 'खाद्य ठेवलेल्या जागी' एवढे तीन शब्द आणखी लिहावेत. एवढं केलं तरी माझी तक्रार बरीचशी मिटते.

दरोजीच्या पलीकडचं टोक छत्तीसगडमध्ये महासमुंद जिल्ह्यात पाहायला मिळतं. घुंचापालीच्या चंडी मंदिरात संध्याकाळी अस्वलं येतात आणि भाविक त्यांना प्रसाद देतात, पुष्कळदा हाताने. चित्रफिती पाहणाऱ्यांना ते देवाचं नवल वाटतं. मला ती पाहताना धडकी भरते. इथं माणसाला बांधून ठेवणारं काहीच नाही. अस्वलाच्या मनात माणूस म्हणजे नारळ हे समीकरण बसलेलं, आणि दुसऱ्या दिवशी तेच अस्वल रिकाम्या हातांनी चाललेल्या पोराला वाटेत भेटणार. श्रद्धेचा मान ठेवूनही म्हणावं लागतं, की प्रसाद हाताने देणं थांबायला हवं.

आपल्या देशाने यातून धडा घेतलेला आहे, फक्त तो वाघ-सिंहांच्या बाबतीत. गीरमध्ये एके काळी पाहुण्यांसाठी जिवंत जनावर बांधून सिंह दाखवत. सरिस्कामध्येही लपणासमोर आमिष बांधून वाघ दाखवण्याचा काळ होऊन गेला. ते बंद झालं आणि पर्यटन काही बुडालं नाही. उलट, आज तसं करा म्हणणाऱ्याला लोक वेड्यात काढतील. अस्वलाला तो न्याय अजून मिळालेला नाही. फार काळ ते आपल्यासाठी दरवेशाच्या दोरीला बांधलेलं, नाचणारं जनावर होतं. त्या खेळातलं शेवटचं अस्वल २००९ साली सोडवलं गेलं, म्हणजे काल-परवाची गोष्ट.

बसून अस्वलं पाहण्याची पद्धत अमेरिकेत रुळलेली, तेव्हा तिकडचे दोन-तीन नमुने पाहायला हवेत. मिनेसोटात ऑर गावाजवळ व्हिन्स श्यूट नावाचा लाकूडतोड्या होता. छावणीत घुसणाऱ्या अस्वलांना गोळ्या घालण्यापेक्षा बाहेर खायला ठेवावं, असं त्याच्या मनाने घेतलं. खाणं मिळालं, अस्वलं घरं फोडायची थांबली. पुढे तिथं अभयारण्य झालं आणि लोक उंच फलाटावरून पाहू लागले. अलास्कात रँगेलजवळचं आनन हे ठिकाण वेगळं. तिथं ओढ्यात गुलाबी सामन मासे चढतात आणि ते धरायला काळी आणि तपकिरी दोन्ही अस्वलं येतात. माणसाने काही ठेवायची गरजच नाही. मोसमात दिवसाला साठच परवाने, फलाट ठरलेला, खाली पाण्यालगत फोटोसाठी एक लहानसं लपण. तिसरं मॅकनील नदीचं. तिथं १९७३ पासून परवान्याची पद्धत आहे, दिवसाला सोडतीने निवडलेले दहा लोक, सोबत रक्षक. लपण नाही, भिंत नाही. उघड्या जागी माणसं दाटीने बसतात आणि तपकिरी अस्वलं त्यांच्या अगदी जवळून जातात. या पद्धतीत तिथं एकही माणूस अस्वलाकडून जखमी झालेला नाही. माणसं रोज त्याच वाटेने येतात, त्याच जागी बसतात, त्याच वेळी उठतात. अस्वलांच्या दृष्टीने ती नदीकाठचे खडकच.

फिनलंडमध्ये रशियाच्या सीमेलगत लाकडी खोपट्यांचा मोठा धंदा उभा राहिला आहे. संध्याकाळी आत कोंडून घ्यायचं, समोर मांस किंवा मासे टाकलेले, सकाळी बाहेर. फोटो अप्रतिम येतात. आमच्याकडची तरुण मंडळी दाखवतात ते फोटो याच जातीचे. त्यांत माणूस बांधलेला आहे, हे चांगलं. पण अस्वलही बांधलेलंच आहे, फक्त दोरी दिसत नाही.

दोरी आमच्या घराजवळही आहे, ती पक्ष्यांच्या पायात. जूनच्या पहिल्या पावसाबरोबर नवरंग येतो आणि त्याच्यामागे ब्लूटूथचे स्पीकर येतात. झाडीत त्याचीच शीळ वाजवली की आपल्या हद्दीत दुसरा नर घुसला असं समजून तो बिचारा उघड्यावर येतो, फुगतो, ओरडतो आणि दहा-बारा कॅमेऱ्यांसमोर आपली शक्ती खर्च करतो. कर्नाळ्याच्या बाजूला पावसाळ्यात तिबोटी खंड्याच्या बिळासमोर रांगा लागायच्या. खंड्या पालीचा तुकडा तोंडात घेऊन समोरच्या फांदीवर ताटकळतो, कारण बिळाजवळ माणसं आहेत, आणि आत पिल्लं उपाशी. अनेक स्पर्धांनी आता घरट्यावरचे फोटो घेणंच बंद केलं आहे, ते योग्यच झालं. लोक वान थोंचे मनोरे त्या काळाला शोभले. तेव्हा एका जिल्ह्यात एक कॅमेरा होता.

फोटोची हाव माणसाला कुठवर नेते याचा दाखला मोठ्या स्पर्धांनीच दिला आहे. लंडनच्या 'वाइल्डलाइफ फोटोग्राफर ऑफ द इयर'मध्ये २००९ साली कुंपणावरून उडी मारणाऱ्या लांडग्याचा फोटो पहिला आला. लांडगा पाळीव असल्याचा निष्कर्ष निघाल्यावर बक्षीस काढून घेतलं गेलं. त्याच स्पर्धेत २०१६ साली शहरी विभागात मुंबईच्या नयन खानोलकरांचा आरे कॉलनीतल्या बिबट्याचा फोटो जिंकला. आदिवासी पाड्यातली बोळ, घराची भिंत, आणि मधून चाललेला बिबट्या. कॅमेरा ट्रॅप लावून कित्येक महिने थांबल्यावर तो मिळाला. वाट बिबट्याची, वेळ बिबट्याची, आमिष शून्य. चॅम्पियनच्या तारेचाच हा नवा अवतार, आणि आमच्या भागातल्या माणसाला खिशाला परवडेल असा. वनखात्याची परवानगी मात्र काढावी लागते. ती न काढता झाडाला कॅमेरे बांधणाऱ्यांनी शिकारी आणि आपण यांतला फरक आधी पुसून टाकलेला असतो.

बिबट्या आणि गर्दी यांचं काय होतं, ते आम्ही पाहिलं आहे. जानेवारी २०१९ मध्ये उल्हासनगरच्या कॅम्प ५ मध्ये बिबट्या शिरला; नोव्हेंबर २०२२ मध्ये कल्याण पूर्वेला चिंचपाड्यात एका इमारतीत घुसून त्याने काही जणांना जखमी केलं. दोन्ही वेळा तज्ज्ञ पथकाला जनावराशी जितकं झुंजावं लागलं, तितकंच गच्च्यांवर, भिंतींवर चढलेल्या मोबाइलवाल्यांशी. ज्या गावातली इतकी माणसं बिबट्या पाहायला जिवावर उदार होतात, त्या गावाला बसून पाहण्याची जागा द्यायला हवी, असं माझं स्पष्ट मत आहे.

ती जागा उभारायला फार काही लागत नाही. मुरुड-रोह्याच्या मधल्या फणसाड अभयारण्यात 'गाण' म्हणतात त्या बारमाही झऱ्यांवर बसायची रीत आहेच. तसं एक पक्कं, दगडमातीचं लपण बारवीच्या किंवा टाहुळीच्या पायथ्याच्या एखाद्या न आटणाऱ्या ओहोळावर बांधता येईल. पाण्यापासून तीसेक पावलांवर, जमिनीच्या पातळीला, सकाळचा वारा तोंडावर येईल अशा बाजूला. चारच माणसं बसतील एवढं. गावच्या वनसमितीकडे चावी. उजाडायच्या आधी शिरायचं, दहाच्या सुमाराला निघायचं, मध्ये दार उघडायचं नाही. खाद्य नाही, स्पीकर नाही, आणि पैसे थेट गावाकडे. राखणीला माळ्यावर बसणाऱ्यांपैकीच कुणीतरी सोबत असावा आणि त्याला त्याच्या माहितीचे पैसे मिळावेत, गाडीतून उतरवलेल्या गाइडला नव्हे.

तिथं अस्वल येणार नाही. भेकर येईल, मुंगूस येईल, एखाद्या मे महिन्यात बिबट्याही येईल. अस्वलासाठी ज्ञानगंगेच्या मचाणावरच जायचं आहे, आणि त्याचं बुकिंग बुद्ध पौर्णिमेच्या बरंच आधी संपतं. तेव्हा होळीनंतर लगेच चौकशी केलेली बरी.